ऑस्ट्रेलियाचं मॉडर्न स्लेव्हरी रजिस्टर: कौन्सिलच्या खरेदीसाठी वापरून कसं वाटलं

आधी हे काय आहे ते सांगते, कारण इथे सिडनीत बरीच वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनीसुद्धा याचं नाव ऐकलेलं नसतं. ऑस्ट्रेलियात २०१८ चा मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट आहे, १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. ज्या कंपनीची किंवा संस्थेची वर्षाची एकूण उलाढाल १० कोटी डॉलर किंवा त्याच्या वर आहे तिला दरवर्षी एक स्टेटमेंट लिहून द्यावं लागतं, की आमच्या कामात आणि आम्ही जिथून जिथून माल घेतो तिथे वेठबिगारी, कर्जात अडकवून करून घेतलेलं काम, माणसांची तस्करी, लहान मुलांना जुंपणं असं कुठे असू शकतं आणि आम्ही त्याचं काय करतोय. ही सगळी स्टेटमेंट्स एका सरकारी वेबसाइटवर जमा होतात, वाचायला लॉगिन नाही, पैसे नाहीत, कोणीही उघडावं. तेच हे रजिस्टर, अटर्नी-जनरलचं खातं ते चालवतं.

मी न्यू साउथ वेल्समधल्या एका लोकल कौन्सिलमध्ये प्रोक्युअरमेंटला आहे, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेचा खरेदी विभाग म्हणा. सफाईचं कंत्राट, युनिफॉर्म, सेफ्टी बूट, हातमोजे, लायब्ररीच्या छतावरचे सोलर पॅनल, फुटपाथचे दगड, लॅपटॉप, सगळं आमच्या टेबलावरून जातं. आमच्या राज्याचा याच्यावर वेगळा कायदा आहे, त्यामुळे २०२२ पासून राज्याच्या खात्यांवर आणि कौन्सिलांवर बंधन आलंय की आपण घेतो त्या वस्तू आणि सेवा वेठबिगारीतून आलेल्या नसाव्यात यासाठी योग्य ती पावलं उचलायची आणि काय केलं ते वार्षिक अहवालात छापायचं. त्याच वर्षी राज्याने डॉ. जेम्स कॉकेन यांना अँटी-स्लेव्हरी कमिशनर नेमलं आणि त्यांच्या ऑफिसने खरेदीवाल्यांसाठी चांगली सविस्तर मार्गदर्शिकाही काढली. तर टेंडर आलं की पहिलं काम, पुरवठादाराचं नाव रजिस्टरमध्ये टाकून बघणं. म्हणून हा रिव्ह्यू एका रोज वापरणाऱ्या बाईचा आहे असं समजा.

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. शोधायला सोपं, उघड, फुकट. पण नुसतं यावर विसंबून कंत्राट दिलंत तर फसाल, का ते खाली लिहिलंय.

चांगलं काय ते आधी. कंपनीच्या नावाने शोधा, एबीएन (म्हणजे धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) टाकून शोधा, वर्षाने गाळा, उद्योगाने गाळा. स्टेटमेंट सक्तीचं आहे की कंपनीने आपणहून दिलंय तेही दिसतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पीडीएफ रजिस्टरवरच ठेवलेली असते. हे ऐकायला किरकोळ वाटेल पण नाहीये. ब्रिटनमध्ये असाच कायदा ऑस्ट्रेलियाच्या आधी आला, २०१५ ला, तिकडे मर्यादा ३ कोटी ६० लाख पौंडाची आहे, आणि त्यांचं सरकारी रजिस्ट्री २०२१ मध्ये आलं. तिथे कंपनी काही प्रश्नांची उत्तरं भरते आणि मूळ स्टेटमेंटची लिंक देते, मूळ कागद राहतो कंपनीच्या वेबसाइटवर. आता वेबसाइट बदलली, कंपनी विकली गेली, लिंक मेली, की संपलं. आणि तिकडे नाव नोंदवणंही ऐच्छिकच. इकडे तसं नाही, एकदा चढवलं की चढवलं, कंपनी दोन वर्षांपूर्वी काय म्हणाली होती ते आज तिच्यासमोर ठेवता येतं. मी ते करते, आणि मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरं चांगलं, सही. स्टेटमेंट बोर्डाने मंजूर केलेलं पाहिजे आणि जबाबदार माणसाने सही केलेली पाहिजे. म्हणजे सस्टेनेबिलिटी टीममधल्या कोणा ज्युनियरने लिहून ढकलून दिलं असं म्हणता येत नाही.

तिसरं, सरकार स्वतःही त्यातून सुटलेलं नाही. कॉमनवेल्थ सरकारला, म्हणजे इथल्या केंद्र सरकारला, स्वतःचं स्टेटमेंट याच रजिस्टरवर टाकावं लागतं. पहिल्या स्टेटमेंटमध्ये त्यांनी स्वतःच्या धोक्याच्या जागा सांगितल्या होत्या, गुंतवणूक, कपडे-युनिफॉर्मची खरेदी, बांधकाम, आणि सफाई व सिक्युरिटीच्या सेवा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सरकारइतका मोठा गिऱ्हाईक बाजारात दुसरा नाही, आणि जो सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे त्याने मान्य केलं की माझ्या ऑफिसचा संडास धुणाऱ्या माणसापर्यंत हा प्रश्न येतो, तर मग छोट्या खरेदीदाराला पळवाट राहत नाही.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी, इथे जे लिहिलंय ते कंपनीने स्वतःबद्दल लिहिलंय. कायद्यात सात मुद्दे ठरवून दिलेत, कंपनी कोण, तिची रचना आणि साखळी, धोके कुठे, काय केलं, केलेल्याचा उपयोग झाला का ते कसं मोजलं, उपकंपन्यांशी बोलणं झालं का, आणि इतर काही. हे सात मुद्दे आले की कागद पुरा. मलेशियातल्या किंवा बांगलादेशातल्या कारखान्यात जाऊन कोणी सरकारी माणूस ते खरं आहे का बघत नाही. आणि दिलंच नाही तर दंड? नाही. मंत्री खुलासा मागू शकतो, सुधारणा कर म्हणू शकतो, नाव जाहीर करू शकतो, बस. २०२३ मध्ये प्रोफेसर जॉन मॅकमिलन यांनी या कायद्याचा आढावा घेऊन ३० शिफारशी केल्या, त्यात दंड आणा, मर्यादा ५ कोटी डॉलरवर आणा, नुसतं लिहून चालणार नाही तर खरोखर तपासणीची पद्धत ठेवायला लावा, हे सगळं होतं. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये बऱ्याचशा शिफारशी पूर्ण, अंशतः किंवा तत्त्वतः मान्य केल्या. तत्त्वतः मान्य म्हणजे काय ते आपल्याकडच्या कुठल्याही आंदोलनातल्या माणसाला विचारा.

दुसरी अडचण वेळेची. आर्थिक वर्ष जुलै ते जून, आणि स्टेटमेंट द्यायला वर्ष संपल्यावर सहा महिने, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे जुलै २०२३ मध्ये कारखान्यात काही झालं तर ते मला डिसेंबर २०२४ ला वाचायला मिळणार, तेसुद्धा कंपनीला लिहावंसं वाटलं तर. तोपर्यंत तीन वर्षांचं कंत्राट अर्धं संपलेलं असतं.

तिसरी, ग्रुपचं एकत्र स्टेटमेंट. मोठ्या ग्रुपच्या वीस-पंचवीस कंपन्या मिळून एकच पीडीएफ देतात. तुम्हाला ज्या कंपनीशी करार करायचाय तिचं नाव शेवटच्या पानावर यादीत एका ओळीत, आणि आतलं सगळं वर्णन ग्रुपच्या खाणींचं नाहीतर बँकिंगचं. सफाईबद्दल अवाक्षर नाही. कायद्याने हे चालतं, खरेदीवाल्याला उपयोग शून्य.

मग वाचायचं कसं? हे मात्र नीट सांगते कारण इथेच रजिस्टरचा खरा उपयोग आहे आणि बहुतेक लोक हे करत नाहीत. एकाच कंपनीची ओळीने तीन-चार वर्षांची स्टेटमेंट्स डाउनलोड करा आणि शेजारी शेजारी उघडा. पहिली चार-पाच पानं सोडून द्या, तिथे सीईओचा फोटो आणि आमची मूल्यं वगैरे असतं. थेट चौथ्या आणि पाचव्या मुद्द्यावर या, काय केलं आणि उपयोग झाला का. एका युनिफॉर्म पुरवठादाराचं असं केलं तर दिसलं काय, धोक्याचा परिच्छेद शब्दन् शब्द तोच, फक्त साल बदललेलं. पहिल्या वर्षी "पुरवठादारांना प्रश्नावली पाठवणार आहोत", दुसऱ्या वर्षी "प्रश्नावली पाठवणार आहोत", तिसऱ्या वर्षीही तेच. कुठल्या देशातून कापड येतं तर "आशिया". अहो आशियात कुठे? सूत कुठलं, कापड कुठे विणलं, शिलाई कुठे, काही नाही. मी टेंडरच्या खुलाशात हे तीन परिच्छेद जसेच्या तसे एकाखाली एक लावून विचारलं की या तीन वर्षांत नेमकं काय झालं ते सांगा. त्यावर जे उत्तर आलं त्यात कारखान्यांची नावं आली, शहरं आली. म्हणजे माहिती त्यांच्याकडे होती. विचारल्याशिवाय द्यायची नव्हती.

याच्या उलट, ज्या स्टेटमेंटमध्ये लिहिलेलं असतं की अमुक कारखान्यात कामगारांचे पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेले आढळले, आम्ही परत द्यायला लावले, पुन्हा जाऊन बघितलं, ते स्टेटमेंट मी जपून ठेवते. नवीन लोक असं वाचून घाबरतात, अरे बापरे हा पुरवठादार नको. उलट आहे. ज्याला शोधल्यावर काहीच सापडत नाही त्याने बहुतेक शोधलेलंच नसतं. आमच्याकडे मार्क देताना मी हे भांडून भांडून मान्य करून घेतलंय, की प्रश्न सापडला आणि निस्तरला असं लिहिणाऱ्याला जास्त मार्क.

हातमोज्यांचं उदाहरण देते, कारण हे प्रकरण सगळं जाहीर झालेलं आहे आणि यातून रजिस्टरची मर्यादा स्पष्ट दिसते. नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, निळे हातमोजे, दवाखान्यात, पाळणाघरात, आमच्या सफाईच्या गाड्यांवर, सगळीकडे लागतात. त्यातले प्रचंड प्रमाणात मलेशियात होतात. चिनीमातीचे हाताच्या आकाराचे साचे एका न थांबणाऱ्या साखळीवर उलटे लटकलेले असतात, ते द्रावणात बुडतात, भट्टीतून जातात, आणि शेवटी मोजा साच्यावरून निघतो. उष्णता, रसायनांचा वास, आणि साखळी थांबत नाही म्हणून माणसानेही थांबायचं नाही. ही कामं करायला नेपाळ, बांगलादेशातून मुलं येतात. येताना गावात एजंटला पैसे देऊन येतात, ते पैसे व्याजाने काढलेले, कधी जमीन गहाण टाकून. म्हणजे कामाचा पहिला दिवस उजाडायच्या आधीच मुलगा कर्जात. मग ओव्हरटाइम नको म्हणायची सोय नाही, नोकरी सोडायची सोय नाही, पासपोर्ट मालकाकडे असेल तर घरी जायचीही सोय नाही.

बीड, अहिल्यानगरकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगामभर ऊसतोड करायची आणि शेवटी हिशोबात उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला परत तोच मुकादम. काठमांडूचा एजंट म्हणजे विमानाचं तिकीट काढून देणारा मुकादम. फरक एवढाच की तिथे माल बनतो तो जगभरातल्या सरकारी दवाखान्यांनी घेतलेला.

तर जुलै २०२० मध्ये, म्हणजे कोविडमध्ये जेव्हा प्रत्येक सरकार मोज्यांसाठी रांगेत उभं होतं, तेव्हा अमेरिकेच्या कस्टम्सने टॉप ग्लोव्ह या जगातल्या सगळ्यात मोठ्या मोजे कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल बंदरावर अडवला, सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून. मार्च २०२१ मध्ये पुरावा पुरेसा आहे असं जाहीर करून कारवाई आणखी कडक केली. आणि मग काय झालं? कंपनीने कामगारांना एजंटला दिलेले पैसे परत केले, अमेरिकन कस्टम्सच्या म्हणण्याप्रमाणे कामगारांना ३ कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली, राहण्याच्या जागा सुधारल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. पैसे परत. हातात. जे मागची कित्येक वर्षं ऑडिटवर ऑडिट होऊन झालं नव्हतं ते माल अडकल्यावर झालं. ऑस्ट्रेलियाच्या या कायद्यात असा माल अडवायची सोय नाही, फक्त लिहायची सोय आहे. म्हणून मी म्हणते की इथे अडवण्याचं काम खरेदीदाराला करावं लागतं, आणि सरकारी खरेदीदाराला तर जास्तच, कारण त्याची ऑर्डर मोठी आणि कंत्राट लांबचं.

आता मोज्यांच्या टेंडरमध्ये आम्ही थेट विचारतो, कामगाराने नोकरी मिळवायला कोणाला किती पैसे दिले हे तुम्ही कामगारांनाच विचारलंय का, कोणत्या भाषेत विचारलं, आणि परत किती दिले. रजिस्टरवरचं स्टेटमेंट आधी वाचलेलं असलं की हा प्रश्न धारदार होतो, एवढा उपयोग नक्की.

सोलर पॅनलचं थोडक्यात. २०२० च्या सुमारास जगातलं सोलरला लागणारं साधारण ४५ टक्के पॉलिसिलिकॉन चीनच्या शिनजियांगमधून येत होतं, जिथे उइघुर लोकांना सरकारी योजनेखाली सक्तीने कामाला लावल्याचे आरोप आणि पुरावे पुढे आलेत. अमेरिकेने २०२१ मध्ये कायदाच केला की तिथला माल सक्तीच्या मजुरीचाच धरणार, नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. इथे आम्हाला पॅनल बसवणारा ठेकेदार भेटतो, तो १० कोटींच्या खूप खाली, त्यामुळे रजिस्टरवर नाही. मग पॅनल बनवणाऱ्या ब्रँडच्या नावाने शोधायचं, तिथे कधी सापडतं, कधी नाही. वेळखाऊ आहे.

पण माझ्या मते रजिस्टरचं सगळ्यात मोठं भोक परदेशात नाहीये. सफाईत आहे. इथेच, आपल्याच शहरात, रात्री. मोठी सफाई कंपनी रजिस्टरवर असते, छान स्टेटमेंट असतं. ती कंत्राट घेते, थोडा वाटा ठेवून खालच्याला देते, तो अजून खालच्याला, आणि शेवटी एक व्हॅनवाला असतो जो पोरांना म्हणतो तू स्वतःचा एबीएन काढ, तू कामगार नाहीस, तू स्वतंत्र कंत्राटदार. म्हणजे किमान वेतन नाही, सुपर (म्हणजे मालकाने निवृत्तीसाठी भरायचे पैसे) नाही, आजारपणाची सोय नाही, विमा नाही. हा व्हॅनवाला रजिस्टरवर कधीच दिसणार नाही. आणि ही पोरं कोण? पुण्या-नाशकातून, हैदराबादहून, पंजाबातून, नेपाळमधून शिकायला आलेली. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा, कोणी जास्त काम करायला लावलं की नंतर तोच धमकी देतो, तक्रार कर, मी तुझा व्हिसा घालवतो. नुसते पैसे कमी देणं आणि मॉडर्न स्लेव्हरी हे इथल्या कायद्यात एक नाही, ते खरंय. पण धमकी आली, कागदपत्रं काढून घेतली, कर्ज चढवलं, की ती रेषा ओलांडली जाते, आणि सक्तीची मजुरी, कर्जाची बांधिलकी हे इथल्या क्रिमिनल कोडमध्ये गुन्हे आहेत.

हे पकडायला रजिस्टर नाही, कॅल्क्युलेटर लागतो. सफाईचं टेंडर आलं की मी तासांचा हिशोब मांडते. या इमारतीला रोज किती माणसं किती तास लागणार, क्लीनिंग सर्व्हिसेस अवॉर्डप्रमाणे (सफाई कामगारांचे किमान दर ठरवणारे नियम) तासाचा दर, कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेला, असेल तर वर २५ टक्के, रात्रपाळीचं वेगळं, जुलै २०२५ पासून १२ टक्के सुपर, कामगार विमा. हे झालं नुसतं माणसांचं. त्यावर केमिकल, मशीन, सुपरवायझर, ठेकेदाराचा नफा. आता जर कोणाची बोली या माणसांच्या खर्चाच्याच खाली असेल तर ती बोली स्वस्त नाही, ती अशक्य आहे. तो फरक कोणाच्या तरी खिशातून जाणार आणि तो ठेकेदाराच्या जाणार नाही. आणि इथे आम्हा खरेदीवाल्यांची जबाबदारी येते, कारण सगळ्यात कमी बोली घ्यायची हा नियम आपणच धरून बसतो आणि मग पुरवठादाराकडे नैतिकतेचं स्टेटमेंट मागतो. दोन्ही एकत्र नाही चालत. एका मॅनेजरने मला सरळ म्हटलं होतं, आपण दर विचारायचा, तो कसा परवडतो हे त्याचं तो बघेल. सरकारी पैसा असा खर्च करायचा नसतो, मी हे त्यालाही सांगितलं.

आपल्याकडे तर याच्यावर सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच इतकं स्वच्छ सांगून ठेवलंय की इथल्या लोकांना मी ते आवर्जून सांगते. दिल्लीत एशियाडची तयारी चालू होती, स्टेडियम, पूल, रस्ते, कामं सरकारी संस्थांची आणि करणारे ठेकेदार. किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार पैसे द्यायचे जमादाराला आणि जमादार प्रत्येक मजुरामागे रोज १ रुपया कमिशन कापून ८ रुपये २५ पैसे हातावर ठेवायचा. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने कोर्टाला पत्र लिहिलं, न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या पीठाने ते याचिका म्हणून घेतलं, आणि निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हे घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच आहे. पोटाची गरज हीसुद्धा सक्ती असू शकते. आणि काम ठेकेदाराला दिलं म्हणून सरकार हात झटकू शकत नाही. तो एक रुपया आठवा आणि मग सफाईच्या टेंडरमधली सगळ्यात कमी बोली बघा. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा तर आपल्याकडे १९७६ चा आहे. अंमलबजावणी कशी आहे ते वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं सांगतील, पण तत्त्व म्हणून आपला निकाल ऑस्ट्रेलिया, ब्रिटनच्या या रिपोर्टिंगवाल्या कायद्यांच्या कितीतरी पुढे आहे हे मी ठामपणे म्हणते.

रजिस्टर सुधारायचं असेल तर माझ्या दोन मागण्या आहेत, पहिली अगदी साधी. केंद्र सरकारची कंत्राटं ऑसटेंडर नावाच्या वेबसाइटवर जाहीर होतात, १० हजार डॉलरच्या वरची. दोन्हीकडे एबीएन आहे. मग रजिस्टरवर कंपनीच्या पानावरच का दिसू नये की हिला सरकारची कुठली कुठली कंत्राटं चालू आहेत? आज मला दोन खिडक्या उघडून हाताने जुळवावं लागतं. दुसरी, स्टेटमेंटमध्ये पोटठेकेदारांची यादी सक्तीची करा, निदान सफाई, सिक्युरिटी आणि बांधकामात. मर्यादा १० कोटींची असो की ५ कोटींची, व्हॅनवाला दोन्हीत बसत नाही, पण वरच्या कंपनीने त्याचं नाव लिहिलं तर तो दिसेल तरी.

आणि हे वाचणारं कोणी इथे रात्री सफाईचं नाहीतर सिक्युरिटीचं काम करत असेल त्यांच्यासाठी. तुमच्या पे-स्लिपवर मालकाचं नाव आणि एबीएन असायलाच पाहिजे, तो एबीएन रजिस्टरमध्ये टाकून बघा. नाही सापडला तर ज्या इमारतीत काम करता तिथे वरचं कंत्राट कोणत्या कंपनीचं आहे ते बघा, साइन-इन शीटवर किंवा केमिकलच्या खोलीतल्या बोर्डावर नाव असतं, आणि तिचं स्टेटमेंट वाचा. त्यात बहुतेक वेळा तक्रारीचा फोन नंबर किंवा ईमेल दिलेला असतो, तो तुमच्यासाठीही असतो, नुसता ऑफिसातल्यांसाठी नाही. पे-स्लिपच देत नसतील, रोख देत असतील, तर तारखा, तास, पत्ते आपल्या मोबाइलमध्ये लिहून ठेवायला आजपासून सुरुवात करा. फेअर वर्कचे, म्हणजे इथल्या सरकारी कामगार यंत्रणेचे, नियम व्हिसावर असलेल्यालाही तेच लागू आहेत, नाव न सांगताही कळवता येतं, आणि जुलै २०२४ मध्ये वर्कप्लेस जस्टिस व्हिसा नावाची प्रायोगिक योजना सुरू झाली (आज चालू आहे का ते आधी बघा), ज्यात शोषणाची तक्रार लढवणाऱ्या टेम्पररी व्हिसावाल्याला थोडा काळ इथे थांबता येतं. इमारत सरकारी असेल, कौन्सिलची असेल, तर तिथल्या प्रोक्युरमेंटलाही लिहा, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. आम्हाला वरच्या कंपनीकडून खुलासा मागायचा अधिकार करारातच असतो, पण कोणी सांगितल्याशिवाय खाली काय चाललंय ते कळत नाही.